बाहेरच्यांना कोण शिकवणार?

ओलीस धरले गेलात तर काय करावे, असा लांबलचक मेसेज परवा आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आला. शांत राहा, वाद घालू नका, उगाच शौर्य दाखवू नका, कमांडो आले की जमिनीवर आडवे व्हा, हात दिसतील असे ठेवा. सल्ला चुकीचा नाही. पण सगळा आतल्या माणसाला! बाहेरच्यांना कोण शिकवणार?

२६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते तीन दिवस आठवा. ताजमध्ये, ट्रायडंटमध्ये माणसे दिवे घालवून, श्वास रोखून लपलेली. आणि नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो आपण घरबसल्या थेट पाहतोय. पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही तेच पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना खडसावले. २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी घालणारा नियमही आला.

वाहिन्यांना शिव्या घालणे सोपे आहे हो. पण मीही तीन दिवस टीव्हीपुढून हललो नव्हतो. चहासुद्धा तिथेच. जन्मभर वर्गात 'गप्प बसा' म्हणत आलेला मास्तर! आपण पाहत होतो म्हणूनच ते दाखवत होते.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. पोलिसांची हालचाल दिसली की काढा व्हिडिओ, द्या पुढे ढकलून. शिवाय काळजीपोटी आतल्या माणसाला फोन लावणारे आपणच. तो कपाटाआड लपला असेल आणि घंटी वाजली तर?