काचेच्या पेटीतला चोर



दुसऱ्याच्या शेतातली कीड ओळखण्यात माझी नोकरी सरत आली. घरच्या पेटीतली ओळखायला मात्र आठ दिवस लागले, त्याची ही हकीकत.

पावसाच्या सुरुवातीला डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. बरेचसे हौदात सोडले. बारा मासे धाकट्या पुतण्याने, बंडूने, काचेच्या पेटीत ठेवून घेतले. तळाला वाळू, चार गोटे आणि विहिरीतून काढलेले पाणशेवाळ. शाळेतून आला की पोरगा पेटीपुढे ठाण मांडी.

तिसऱ्या दिवशी मासे दहा झाले, मग आठ. सौभाग्यवतींनी शेजारच्या मांजरीवर आळ घेतला, म्हणून पेटीवर जाळी टाकली. तरी मासे घटतच राहिले. मग मी बंडूला धरले. पाण्यात हात घालून तूच मासे मारतोस, असे म्हणून पाठीत एक धपाटाही घातला. पोर त्या रात्री जेवले नाही.

मलाही झोप येईना. बॅटरी घेऊन पेटीपाशी गेलो. शेवाळाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढे, चिखलाच्या रंगाचे, सहा पायांचे काहीतरी दडले होते. जवळून मासा गेला आणि त्याच्या तोंडाखालून घडीचा चिमटा सुटावा तसे काही सुटले. मासा जागच्या जागी धरला गेला. चतुराचे पिल्लू! शेवाळाबरोबर विहिरीतून आलेले.

चतुर बालपण पाण्यात काढतो. पिल्लाचा खालचा ओठ लांब, बिजागरीसारखा दुमडलेला आणि टोकाला आकडे असलेला असतो. श्वासासाठी ते मागच्या वाटेने पाणी आत घेते आणि तेच जोराने सोडून पुढे सटकते. याला कोष नसतो. वाढ पुरी झाली की काडीवर चढते, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो.

"अहो, चिरडून टाका ते," सौभाग्यवती म्हणाल्या. मी ते बरणीत घातले आणि डबक्यातल्या डासांच्या वीस अळ्या सोडल्या. बंडू माझ्याशी बोलत नव्हता, पण मोजायला बसला. संध्याकाळी तीन उरल्या.

भातखाचरावर घिरट्या घालणारे चतुर तुडतुडे आणि खोडकिडीचे पतंग उडता उडता टिपतात. त्यांची पिल्ले खाचराच्याच पाण्यात वाढतात. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही पंप उचलला की औषध पाण्यात उतरते आणि आधी हे राखणदार जातात. तुडतुडे मग दुपटीने येतात. तेव्हा आधी चुडाच्या बुडाशी वाकून किडी मोजा, फवारणीचे नंतर ठरवा. आणि पेटीसाठी शेवाळ आणाल तर पांढऱ्या घमेल्यात झटकून, दोन दिवस ठेवून पाहा.

बरणी बंडूनेच खाचरात रिकामी केली. सहा नवे मासे आणून द्यायचे मी कबूल केले आहे. ते येईपर्यंत मला पेटीजवळ फिरकायची बंदी आहे.