राऊटरचे दार आणि सभासदांचा ऊस



'राऊटर, फायरवॉल हे इंजिनिअर लोकांचे काम, आपल्याला त्याचे काय?' असे कोणी म्हणेल. पण मिल, बॉयलर, टर्बाईन आता पीएलसी नावाच्या छोट्या नियंत्रकांवर चालतात. ते अडले की गव्हाण अडते, तळावर गाड्या खोळंबतात आणि वाळलेल्या उसाची घट आपल्याच बिलात येते.

कारखान्याचा टपालाचा पत्ता एकच. पत्र कोणत्या टेबलावर जायचे ते आवक-जावक कारकून बघतो. राऊटरही तेच करतो. आतल्या यंत्रांचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते बाहेर इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून जाणाऱ्या निरोपावर तो स्वतःचा पत्ता घालतो. इथवर ठीक. धोका आहे तो उलट्या नियमात: 'बाहेरून अमुक पोर्टवर येईल ते थेट मिलच्या पीएलसीकडे सोडा.' दुरुस्तीवाल्याला लांबून बघता यावे म्हणून ऐन हंगामात असा नियम घालतात, अन् पट्टा पडला तरी तो तसाच राहतो.

बरेच पीएलसी मॉडबस ही १९७९ सालची बोली बोलतात. तिच्यात मुळात पासवर्ड विचारण्याची सोय नाही. हुकूम कोणीही द्यावा, यंत्र ऐकते. पत्ता बदलला म्हणजे राखण झाली असे नव्हे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ॲलिक्विपा येथे पाणीपुरवठ्याचा पीएलसी परक्यांनी ताब्यात घेतला. कर्मचाऱ्यांना काम हाताने चालवावे लागले. तेथील सरकारी यंत्रणेने पुढे सांगितले ते साधेच: मूळचा '११११' पासवर्ड बदला, पीएलसी उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, पुढे फायरवॉल आणि व्हीपीएन घाला.

रात्री दोनला मिल बंद पडली तर तज्ज्ञ लांबूनच लागतो, हे खरे. त्याला मज्जाव नको. पण त्याने व्हीपीएनमधून, स्वतःच्या नावाने, पाळीच्या इंजिनिअरच्या परवानगीने यावे आणि काम झाले की दार बंद व्हावे. राऊटरमधला शेवटचा नियम 'बाकी सर्व नाकारा' हाच हवा. प्रत्येक नियमापुढे कोणासाठी, कशासाठी, कधीपर्यंत, हे लिहिलेले असावे, आणि गाळप सुरू होण्याआधी ती यादी संचालक मंडळाने तपासावी.

वजनकाट्याची तपासणी आपण हक्काने मागतो. येत्या वार्षिक सभेत या दाराचीही विचारणा करू या. कारखान्याचे मालक आपण आहोत.

— एक सभासद