अहवालातील एका शब्दाने भागणार नाही

तोंडातील जखम तीन-तीन आठवडे भरत नाही, म्हणून जळगाव किंवा धुळ्याच्या रुग्णालयात एखादा शेतमजूर येतो. जखमेचा तुकडा तपासणीस जातो आणि अहवाल येतो : 'वेल डिफरन्शिएटेड' कर्करोग. त्यातील 'वेल' ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हे समाधान कितपत खरे?

कर्कपेशी मूळ निरोगी पेशींशी किती साम्य राखून आहेत, यावरून रोगाची श्रेणी ठरविण्याची पद्धत अमेरिकेत ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्करोगासाठी मांडली. साम्य अधिक तर रोग सौम्य, असा हा ठोकताळा. तो निराधार नाही. पण तोंडाचे बहुतेक कर्करोग पहिल्या दोन श्रेणींतच मोडतात. साऱ्या वर्गाला जवळपास सारखेच गुण मिळाले, तर परीक्षेतून काय निष्पन्न होणार? शिवाय वरवर घेतलेला तुकडा गाठीच्या तळाशी काय चालले आहे, ते सांगत नाही. नॉर्वेतील ब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके या तळाकडे लक्ष वेधले. गाठ निरोगी ऊतकात जिथे घुसते, तेथील पेशी एकसंध सरकतात की सुट्या होऊन पांगतात, यावरून रोगाच्या प्रसाराचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गाठीच्या खोलीलाही स्थान मिळाले आणि पाच व दहा मिलिमीटर या सीमारेषा ठरल्या.

हा काथ्याकूट केवळ तज्ज्ञांचा नव्हे. तोंडाचा कर्करोग प्रथम मानेतील लसिका ग्रंथींत उतरतो आणि तिथे पोहोचल्यावर जगण्याची आशा निम्म्यावर येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभीच्या अवस्थेतील पाचशे रुग्णांपैकी ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांतील ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. ग्रंथी वाढेपर्यंत वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. अगदी उथळ गाठींत मात्र हा लाभ तितका स्पष्ट नव्हता.

मग सरसकट सर्वांचीच मान उघडावी काय? या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखरा व दुबळा होऊ शकतो. रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्याचा तोच तर चरितार्थ! उलट, वाट पाहायची तर वारंवार तपासणी हवी. शिरपूर-साक्रीच्या पाड्यावरून दर महिन्यास रोजगार बुडवून कोण येणार? मुंबईत जे थांबणे सुरक्षित, ते खानदेशात जिवावर बेतू शकते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावचेही २०१८ पासून सुरू आहे. तुकडा गाठीच्या कडेवरून व पुरेसा खोल घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रत्येक अहवालात श्रेणीबरोबर खोली, तळाच्या पेशींची ठेवण आणि मज्जातंतूंतील शिरकाव यांची स्वतंत्र नोंद असावी. विकृतिशास्त्रज्ञांवर कामाचा भार आहे, हे मान्य. पण त्यासाठी नवे यंत्र नको, ठरीव नमुना आणि पुरेसे मनुष्यबळ हवे. कोणतीही श्रेणी एका माणसाचे भविष्य खात्रीने वर्तवीत नाही, हेही रुग्णाला मराठीत समजावून सांगितले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते, ते कागदावर उतरले नाही, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.