अंतराळ दलाचा प्रमुख आणि कक्षेतला कचरा

अमेरिकेच्या अंतराळ दलाचा प्रमुख चार ताऱ्यांचा जनरल असतो, संयुक्त सेनाप्रमुखांच्या बैठकीत बसतो. पण प्रत्यक्ष मोहिमेचा हुकूम त्याच्या हाती नसतो. तो अधिकार स्वतंत्र अंतराळ कमांडचा. माणसे घडवणे, सामग्री उभी करणे आणि हवाई दल खात्याच्या नागरी सचिवांना उत्तरदायी राहणे, हे त्याचे काम. ही विभागणी योग्यच आहे, कारण या दलाचे काम केवळ युद्धापुरते नाही. जीपीएस हेच दल चालवते. त्या उपग्रहांतली अणुघड्याळे बिघडली, तर क्षेपणास्त्राइतकीच रुग्णवाहिकाही वाट चुकेल.

डिसेंबर २०१९ मध्ये दल स्थापन झाले, जनरल जॉन रेमंड पहिले प्रमुख. नोव्हेंबर २०२२ मध्ये सूत्रे जनरल चान्स सॉल्ट्झमन यांच्याकडे आली. कक्षेत कचरा माजवून मिळवलेला विजय परवडणारा नाही, ही त्यांची भूमिका आम्हाला फार मोलाची वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपलाच निकामी उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा माग काढता येतील असे दीड हजार तुकडे विखुरले. अंतराळ स्थानकातल्या सात जणांना परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. त्यांत दोघे रशियाचेच होते! या पदावरच्या प्रत्येकाने अमेरिकी काँग्रेसपुढे नव्या शस्त्रांसाठी पैसा मागताना अशा तुकड्यांचाही हिशेब मांडलाच पाहिजे.