बाकावर बसू नका, खेळायला उतरा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ‘मुलांना कुठे तरी घेऊन जाऊ’ हा विषय घरोघरी निघतो. थंड हवेच्या ठिकाणी किंवा एखाद्या रिसॉर्टमध्ये गेलात, तर तिथे कधी कधी ‘मिनी गोल्फ’चे छोटे मैदान दिसते. हिरवा गालिचा अंथरलेल्या वळणदार पट्ट्या, वाटेत लाकडी पवनचक्की किंवा बोगदा, आणि टोकाला चेंडू जाईल एवढा खळगा. मुलांच्या हाती काठी व चेंडू दिला जातो, आणि आईवडील सावलीतल्या बाकावर बसून भेळ खात राहतात. माझा आक्षेप आहे तो या बाकाला.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साहेबी थाट उभा राहतो. हा त्याचा धाकटा भाऊ मात्र साधा आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी १८६७ साली स्त्रियांसाठी केवळ चेंडू ढकलण्याच्या खेळाचा क्लब निघाला. त्यांच्या उंचसखल हिरवळीला लोक ‘हिमालय’ म्हणतात! लांब फटका मारायचा नसल्याने या खेळात ताकदीला फारशी किंमत नाही. सात वर्षांची नात, गुडघे दुखणारी आजी आणि पोट सुटलेले बाबा हे तिघेही सारख्याच पातळीवर येतात. अंगणातल्या क्रिकेटमध्ये बाबांना मुद्दाम हळू चेंडू टाकावा लागतो, आणि मुलांना ते लगेच कळते. इथे बाबा खरोखरच हरतात. मुलाच्या दृष्टीने याचे मोल किती, ते त्याच्या चेहऱ्यावर पाहावे.

ज्याचे फटके कमी, तो जिंकला. स्पर्धेच्या नियमांत एक दयाळू कलमही आहे. सहा फटक्यांत चेंडू खळग्यात गेला नाही, तर सात मांडून पुढच्या खळग्याकडे जायचे. कोणाचेही मूल एकाच जागी रडत उभे राहत नाही. पालकांनी एवढेच पथ्य पाळावे की, ‘हात सरळ धर’, ‘मी सांगतो तसे मार’ हा जप करू नये. वर्षभर शाळा-शिकवणीत तो पुरेसा झालेला असतो.

आता वैद्यकीय बाजू. ती फुगवून सांगणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे धाप लागेल असा व्यायाम हवा. मिनी गोल्फने ती गरज भागत नाही, त्यासाठी धावणे, पोहणे, सायकल हेच हवे. मात्र घराबाहेरच्या उजेडाचा लाभ नक्की होतो. चीनमधील ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी केली गेली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेर खेळलेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले, इतरांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. ‘मुलगा मोबाइल सोडत नाही’ अशी तक्रार दवाखान्यात रोज कानी येते. बाकावर बसलेल्या आईबाबांच्या हातात त्या वेळी काय असते, हे मी विचारत नाही.

आपल्या गावात असले मैदान नाही, म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. गोट्यांसाठी गल खणणाऱ्यांना हे काय अवघड? अंगणात किंवा गच्चीवर विटांच्या पट्ट्या आखा. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा बोगदा म्हणून चालेल, फक्त त्याच्या कडा ठोकून बोथट करून घ्या. फळीचा उतार करा आणि शेवटी नारळाची करवंटी आडवी ठेवा. आजोबांची वाकड्या मुठीची काठी उलटी धरली की झाले. आखणी मुलांनाच करू द्या, त्यात त्यांची अर्धी सकाळ आनंदात जाईल. काठी मात्र गुडघ्याच्या वर उचलायची नाही, आणि खेळणाऱ्याच्या पाठीमागे कोणी उभे राहायचे नाही. डोक्याला व डोळ्याला लागलेला मार हसण्यावारी नेण्यासारखा नसतो.

वेळ सकाळची किंवा उन्हे उतरल्यावरची ठेवावी. अकरा ते चार खेळ बंद. सुती सैल कपडे, टोपी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी. ताक, पन्हे, लिंबू सरबत असताना बाटलीतल्या रंगीत पेयांची गरज नाही. मूल मलूल झाले, डोके दुखते म्हणाले किंवा उलटी झाली, तर खेळ तिथेच थांबवून सावलीत न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे व वारा घालावा. ते बरळू लागले, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडात पाणी ओतू नये. अंगावर पाणी मारत, वारा घालत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.