विजेची बचत कोणी करायची?

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. सरकारी कचेऱ्यांत फलक लागतात, शाळांतून पोरांकडून घोषवाक्ये लिहून घेतली जातात आणि 'वीज वाचवा'चा उपदेश नेमका त्यालाच ऐकवला जातो, ज्याच्या खोलीत एक दिवा नि एक पंखा आहे. वीजबचतीला आमचा विरोध नाही. परंतु बचत कोणी आणि किती करायची, हे विचारल्याशिवाय आम्ही राहणार नाही.

हा विषय चळवळीबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि विजेचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. इंजिनिअर झालेल्या आमच्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

आता घरातला हिशेब पाहू. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट जातात, नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. पण खरी वीज खातो तो पंखा. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला की २७ युनिट झाले. तीस वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेवढेच काम ११ युनिटांच्या आत करतो. आपल्याकडे पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यावरचा बराच जास्त आहे, म्हणून काठावरच्या घराला हे सोळा युनिट बिलात चांगलेच जाणवतात. अडचण एवढीच की नवा पंखा महाग आहे आणि रोजंदारीवाला तो एकरकमी घेऊ शकत नाही. सरकारने एलईडी घाऊक भावाने घेतले तेव्हा २०१४ मध्ये तीनशेच्या वर असलेला खरेदीचा दर २०१६ मध्ये चाळिसाच्या आत आला. पंख्यांसाठीही २०२३ मध्ये तसाच कार्यक्रम जाहीर झाला. तो हप्त्यांवर आमच्या वस्त्यांपर्यंत आणा, मग आम्हाला उपदेश करा.

कचेऱ्यांचे काय? साहेब दौऱ्यावर आणि केबिनमधला एसी चालूच, हे दृश्य नवे नाही. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचेच म्हणणे आहे. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चोवीस अंशांवरच सुरू होतील असा नियमही झाला. तरीही अठरा अंशांवर एसी लावून अंगात स्वेटर घालणारे अधिकारी आहेतच! आमचा शिकलासवरला कर्मचारीवर्ग याच कचेऱ्यांत बसतो. निघताना बटणे बंद करायला त्याला कोणाच्या परिपत्रकाची गरज नसावी. आणि विहारात वंदना संपल्यावरही रात्रभर हॅलोजन जळत असेल, तर ते बिल वस्तीच्याच वर्गणीतून जाते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

मात्र ज्याच्या नावावर मीटरच नाही, त्याने वाचवलेली वीज कोणाच्या खिशात जाते? शहरांतल्या वस्त्यांत हजारो भाडेकरू घरमालक सांगेल त्या दराने पैसे मोजतात. कोणी खोलीमागे ठरावीक रक्कम घेतो, मग दिवा बंद ठेवा की चालू, फरक शून्य. विद्युत कायदा, २००३ चे कलम ४३ सांगते की जागेचा मालक किंवा ताबेदार यांपैकी कोणीही अर्ज केला तर एक महिन्यात वीज दिली पाहिजे. नवी वाहिनी टाकावी लागत असेल तरच जास्त मुदत. ताबेदारात भाडेकरू येतो. घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी अशा खोल्यांची यादी करावी, भाडेपावती किंवा ताब्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागावा.