भिजवलेलं बियाणं थांबत नाही

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की इकडे मनमाडलाही फजरला उठणं जड जातं. लाल कांदा काढून रान मोकळं व्हायला डिसेंबर उजाडतो आणि गव्हाची पेरणी नेमकी या गारठ्यात सापडते. थंड मातीत दाणा पाणी सावकाश ओढतो, उगवण लांबते, मागेपुढे होते.

यावर सोपा उपाय म्हणजे बियाणं भिजवून पेरणं. १९९० च्या दशकात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी संशोधकांसोबत तो आपापल्या शेतात करून पाहिला. गहू साधारण १२ तास, हरभरा ८ तास साध्या पाण्यात ठेवायचा. मग निथळून सावलीत पसरायचा आणि हाताला चिकटेनासा झाला की लगेच पेरायचा. दाण्याच्या आत उगवणीची तयारी सुरू होते, पण कोंब बाहेर आलेला नसतो. जास्त वेळ ठेवलं तर कोंब फुटतो आणि पेरताना मोडतो. औषध चोळलेलं रंगीत बियाणं मात्र भिजवू नका, औषध धुऊन जातं.

एका साली चूक आमचीच झाली. इशानंतर गहू भिजत घातला, सकाळी निथळला, आणि विहिरीवरची मोटार जळाली. अब्बा म्हणाले, "पसरून वाळवा." आम्ही ओलसरच गोणीत भरला. तिसऱ्या दिवशी गोणीत हात घातला तर आत ऊब, आंबूस वास! कोंबड्यांनाही घालवेना.

आता आम्ही आधी रान ओलवतो. वाफसा आला की मगच अम्मीकडे बादली मागतो.